मामाच्या बंदुकीचा पल्ला

माझं माहेर आणि सासर समोरासमोर. मध्ये ओढा, ओढ्याच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांची ज्वारीची शेतं, आणि दोन डोंगरांच्या धारांवर दोन उंच दगडी घरं. लग्नात आई म्हणाली होती, पोरगी कुठे लांब चाललीय, इथून तिच्या चुलीचा धूर दिसेल. धूर दिसायचा, खोटं कशाला बोलू. पण दोन्ही घरांतल्या पुरुषांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. मला दिली तीसुद्धा एका जुन्या भांडणाचा समेट म्हणून. समेट माझ्या गळ्यात बांधला आणि भांडण मोकळं सोडलं.

तरी आम्ही सगळे जगलो, आणि का जगलो ते सांगते. गोळी पोचत नव्हती म्हणून. आमच्याकडे ज्या कलाश्निकोव्ह, त्याच त्यांच्याकडे. ओढ्यातल्या बोरीच्या झाडापर्यंत त्यांचा नेम, त्यापुढे गोळी कुठे जाईल ते मारणाऱ्यालाही ठाऊक नसे. त्यामुळे जी काय हाणामारी व्हायची ती बोरीपाशी, पाण्याच्या पाळीवरून. बोर ओलांडून आपल्या अंगाला आलं की माणूस उघड्या डोक्याने फिरायला, नांगर धरायला, दारात ऊन खात बसायला मोकळा. शेजाऱ्याचा द्वेषही लांबून केला तर अंगी लागत नाही. आम्ही लांबून करत होतो.

मग माझ्या मालकांच्या माघारी घराचे कर्ते झालेले माझे दीर, नाजीभावोजी, यांनी त्या बोरीखाली सालेहला मारलं. सालेह माझ्या थोरल्या भावाचा, मुसइददादाचा मुलगा. पाळी कुणाची यावरून शब्द वाढला, पोराने कमरेच्या जंबियाच्या, वाकड्या खंजिराच्या, मुठीला हात लावला, नुसता लावला, आणि भावोजींनी गोळी घातली. माझा हिजाम आणि सालेह एका वयाचे. लहानपणी दोघंही माझ्याच ताटात जेवायचे. मी माहेरी जाऊन रडले, परत सासरी येऊन रडले, आणि दोन्हीकडच्या बाया मला म्हणाल्या, तू नक्की कुणाची?

रक्ताचा बदला रक्त, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण बदला तोलामोलाचा लागतो. नाजीभावोजी एका पायाने लंगडे, दात पडलेले, त्यांना मारून सालेहचा बदला झाला असं कोण म्हणेल? उमद्या घोड्याच्या बदल्यात लंगडं गाढव घेतलं म्हणून लोक हसले असते. सालेह तरुण, बिनलग्नाचा, घराचा आधार. आमच्या घरात तसा एकच होता. माझा हिजाम.

दादा सगळा सुगीचा काळ गप्प राहिला. भावोजी मिशीला पीळ देत म्हणायचे, थंड पडला मुसइद. मी म्हटलं, माझा भाऊ थंड पडणारा नव्हे. आणि तसंच झालं. उत्तरेच्या लढाईतून परतणाऱ्या कुणाकडून तरी त्याने लांब नळीची, दुर्बिणीची रशियन बंदूक मिळवली. पहिली गोळी आली तेव्हा भावोजी पायरीवर बसून गातचा नशेचा पाला चघळत होते. मांडीजवळचा थर्मास फुटला आणि गरम पाण्याने त्यांची लुंगी भिजली. आवाज नंतर आला. लंगडा माणूस चारी पायांवर किती जोरात पळतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

भावोजींनी आतून एक अख्खं मॅगझिन समोर रिकामं केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या भावजयीने निरोप धाडला की आमच्या ज्वारीवरची पाखरं उडाली, भावोजींचे आभार.

तेव्हापासून आमचं घर म्हणजे थडगं झालं. मागे कडा, दार समोरच्या डोंगराकडे, आणि झाडून साऱ्या खिडक्या त्याच अंगाला. खिडक्यांत आम्ही दगड भरले. पुरुष दिवसा वरच्या अंधाऱ्या खोलीत पडून राहायचे, खिडकीपाशी आलं की वाकून जायचे, एकमेकांचे पाय तुडवायचे, चिमूटभर मिठावरून भांडायचे. अंधार पडल्यावर पाण्याच्या टाक्यापर्यंत जाऊन यायचे, पण रात्री काही शेत नांगरता येत नाही. पळून का गेले नाहीत म्हणाल, तर आमच्याकडे जो रात्री चोरासारखा निघून जातो त्याची जमीन सकाळी दुसऱ्याची होते, आणि नाव तर जातंच. हिजामला मी शंभरदा म्हटलं, सना शहरात जा, मास्तरकीचं शिक्षण पुरं कर. तो म्हणायचा, मामाला घाबरून पळाला असं तुझ्या तोंडावर लोक म्हणतील, ते चालेल तुला? मला चाललं असतं. त्याला चाललं नसतं.

बायांना मात्र कुणी हात लावत नाही. बाईवर गोळी झाडणं म्हणजे काळं तोंड, सात पिढ्या पुसलं जात नाही. म्हणून पाणी आम्ही आणायचं, नांगर आम्ही धरायचा, गात बाजारातून आम्ही आणायचा, आणि आत बसलेल्या सिंहांनी तो खाऊन शौर्याच्या गप्पा मारायच्या. माझी जाऊ म्हणायची, आपल्या नशिबी दोन्ही बैल, शेतातला आणि माडीवरचा.

मी माहेरी गेले. दादाने स्वतः उठून किशरचा, कॉफीच्या टरफलांच्या काढ्याचा, पेला माझ्यापुढे ठेवला, उशी दिली, हिजामला जेवण जातं का विचारलं. भिंतीला ती बंदूक टेकवलेली. मी म्हटलं, दादा, तुझा भाचा आहे तो, त्याच्या कानात पहिली अजान तू दिलीस.

दादाने माझा पेला पुन्हा भरला. म्हणाला, "तो मला दिसला तर मी मारणार, नूरिया. चुलतभाऊ रोज विचारतात, दिसला का. म्हणून सांगतो, त्याला दिसू देऊ नकोस."

माझ्या भावाची माया ती एवढीच उरली होती, आणि तेवढी खरी होती. मी उठून आले.

थंडीचे दिवस सरता सरता हिजामचा रंग राखेसारखा झाला. बोलणं बंद, जेवण बंद. ज्वारीची भाकरी हातात धरून तसाच बसून राहायचा. एकदा मी त्याच्या डोक्याला तेल लावत होते, तेव्हा शांतपणे म्हणाला, "आई, एक दिवस भर दुपारी दारात जाऊन उभा राहतो. मामालाही सुटका, मलाही."

तो हे रागाने बोलला असता तर मी एवढी भ्याले नसते. तो थकून बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातून टाक्याकडे भिंत घालायला लागले. टाक्यामागे खडकांची आडोशाची घळ, तिथून बाजाराची वाट. पुरुषभर उंच भिंत टाक्यापर्यंत गेली की माझा मुलगा दिवसाउजेडी, ताठ मानेने, चालत जाईल आणि चालत येईल. मग पळाला म्हणायची कुणाची छाती? जाऊ आली, तिच्या दोन पोरी आल्या. दगड वाहायचे, रचायचे, मातीने सांधायचे. भावोजी आतून ओरडून सांगायचे की रचाई चुकतेय, सांधा सांध्यावर येतोय. मी म्हटलं, बाहेर येऊन दाखवा.

कमरेएवढी भिंत होईतो दादाने काही केलं नाही. कमरेच्या वर पहिला दगड ठेवला आणि मी चार पावलं बाजूला झाले, तशी गोळी आली आणि दगड उडाला. मी परत ठेवला. मी बाजूला होईतो तो थांबला आणि पुन्हा उडवला. असं रोज चाललं. आम्ही चार बाया दिवसभर रचायचो, तो संध्याकाळपर्यंत वरचा थर काढून टाकायचा, पण आमच्या पदराच्या वाऱ्यालाही गोळी लागू द्यायचा नाही. बहीणभावांनी लहानपणी असाच खेळ खेळला असता तर लोकांनी कौतुक केलं असतं. मला भीती वाटत नव्हती. दादाचा नेम मला ठाऊक होता. मी म्हणायचे, त्याच्या गोळ्या आधी संपतात की डोंगराचे दगड, बघू.

एका सकाळी मी दगड ठेवून निघाले आणि तो हललेला दिसला म्हणून मागे हात घातला. त्याच क्षणी गोळी आली. दगडाची कपची डोळ्याखालून ओठापर्यंत गाल चिरत गेली. मी खाली बसले. बोटांमधून रक्त वाहत होतं, आणि एका डोळ्याने मला समोर दिसलं की दादा गच्चीवर उघडा उभा राहिलाय, बंदूक खाली टाकून, दोन्ही हात डोक्यावर. किती तरी वेळ तो तसाच उभा होता.

जाऊने मला आत नेलं. आणि माझ्या दिरांनी, ज्यांनी इतके महिने मान वर केली नव्हती, माझं कपाळ चुंबलं. म्हणाले, "वहिनी, सोडवलंत आम्हाला. बाईचं रक्त सांडलं त्याने. अकरापट भरून घेईन." मला गाल धुवायचा होता तर धुऊ देईनात. साक्षीदारांनी ओलं रक्त बघितलं पाहिजे म्हणे. दोन गावांचे म्हातारे येईपर्यंत मी माश्या वारत तशीच बसले, आणि भावोजी जो येईल त्याला माझा गाल दाखवत होते, जणू नवीन गाय घेतलीय.

निवाडा होईपर्यंत दोन्ही घरांनी आपापल्या बंदुका आमच्या टोळीचे प्रमुख शेख मुकबिल यांच्यापुढे आणून टाकायच्या, हा रिवाज. टाकल्या. लांब नळीचीही टाकली. दिवसा दार उघडलं. मी गालाला हळदीची पट्टी बांधून हिजामला म्हटलं, चल. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थबकला. मग आला बाहेर. डोळ्यांवर हात धरून उन्हात उभा राहिला, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर रक्त चढलं. त्या दिवसांत तो पुष्कळ जेवला. एकदा हसलासुद्धा. पण घरात आला की खिडकीपाशी अजून वाकून जायचा. मी म्हणायचे, अरे ताठ चाल, तहाचे दिवस आहेत. तो ताठ व्हायचा आणि पुढच्या खिडकीला पुन्हा वाकायचा.

निवाडा बोरीखाली बसला. शेख मुकबिल म्हातारे, डोळ्यांना कमी दिसणारे, पण रिवाज तोंडपाठ. भावोजींनी जंबिया सावरत मोठं भाषण केलं. काळं तोंड, बाईचं रक्त, अकरापट, आणि वर बैल. शेखनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही मुलगी कुणाची?"

आणि उत्तरही त्यांनीच दिलं. बाई लग्न करून कुठेही गेली तरी तिचं रक्त माहेरचं. तिला जखम झाली तर भरपाई तिच्या बापाला, बाप नसेल तर भावाला. म्हणजे मुसइदने मुसइदला अकरापट द्यायचं. आणि दुसरं, मुसइदने आता उलट विचारलं की माझ्या बहिणीला बंदुकीपुढे भिंत घालायला कुणी उभं केलं, तर नाजी, तू काय सांगशील?

लोक हसले. भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. एवढ्या वर्षांत एकाही गड्याच्या ध्यानात आलं नव्हतं की मी तिकडची आहे. मला रोज ऐकवत तर होते.

पण दादा हसला नाही. त्याची गत त्याहून वाईट होती. बहिणीचं रक्त काढणाऱ्याला सोडायचं नाही, आणि काढणारा तो स्वतः. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो उठून माझ्यापुढे आला, डोक्याचं फडकं काढून माझ्या पायापाशी ठेवलं, आणि म्हणाला, "माझा हक्क मी हिला दिला. ही मागेल ते."

मी मागितलं. सगळ्यांच्या देखत म्हटलं, "हिजामचा जीव दे."

दादा म्हणाला, "ते माझं नाही, नूरिया. ते सालेहचं आहे. तुझ्या गालाची आणि त्याच्या छातीची अदलाबदल मी कशी करू? सालेहच्या आईला काय सांगू?"

भावजय मागे उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली. खरं सांगते, लाज वाटली. मुलासाठी मी लाज सोडायला हवी होती, पण तिचाही मुलगाच होता.

म्हणून मी म्हटलं, "मग ती बंदूक दे."

भावोजींनी मान वर केली. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की बंदूक माझी राहील, घराची नाही. गुरुवारच्या बाजारात मी तिला लांबच्या गिऱ्हाइकाला विकून टाकीन, आणि आपण सगळे परत बोरीच्या हिशेबाने राहू. शेख म्हणाले, बाईने पुरुषांपेक्षा बरं मागितलं. दादाने बंदूक उचलून माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. फार जड होती.

म्हणाला, "आजपासून मी तुझ्या शब्दावर बाहेर फिरतो."

घरी आणून मी ती घोंगडीत गुंडाळली आणि माझ्या अंथरुणाखाली ठेवली. भावोजी गोड बोलायला लागले. वहिनी, तेल तरी घालू या, गंजेल. मी म्हटलं, गंजू दे. हिजामने फक्त एकदा विचारलं, त्या दुर्बिणीतून मामाला माझं तोंड दिसत असेल का गं? मी म्हटलं, दिसत असेल, म्हणून तर तुला लपवत होते. तो म्हणाला, म्हणजे तो मला रोज शोधायचा आणि मला तो कुठे आहे तेसुद्धा दिसायचं नाही. मला वाटलं, पोराच्या मनात साठलेलं बाहेर पडतंय, पडू दे.

बाजाराच्या आदल्या दिवशी मी पाण्याला गेले. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन टाक्यावर उभी होते. समोरच्या डोंगरावर दादा बैल घेऊन निघाला होता, उघड्या डोक्याने, मोकळ्या छातीने, किती तरी दिवसांनी मी त्याला तसा पाहत होते. आणि माझ्या मागून, माझ्याच घरातून, गोळी सुटली.

नांगराच्या लांब दांड्याचे, इसाडाचे, दोन तुकडे झाले. बैल उधळला. दादा पडला नाही, पळालाही नाही. त्याने आमच्या खिडक्यांकडे बघितलंच नाही. त्याने ओढ्यापलीकडून टाक्याकडे, माझ्याकडे पाहिलं. मी हंडा टाकला, दोन्ही हात वर केले, ओरडले की मी नाही रे, पण एवढ्या लांब बाईचा आवाज पोचत नाही. तो वळला आणि सावकाश घरात गेला.

मी धावत वर गेले. मधल्या खिडकीतले दगड काढलेले, उजेड आत आलेला, आणि माझा मुलगा पोटावर पडून दुर्बिणीला डोळा लावून. चुकला होता की चुकवलं होतं, त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, नळी धरून ओढली, पण त्याचे हात सुटेनात. भावोजी खाली मांड्या थोपटत होते. त्या संध्याकाळी माझ्या माहेरच्या खिडक्यांत दगड भरले गेले. भरताना माझी आई होती. तिला मी तिच्या वाकण्यावरून ओळखलं.

मला आता माहेरी जाता येत नाही. गोळी घालतील म्हणून नव्हे, बाईला कोण घालतंय. दाराशी गेले तर भावजय दार लावून घेते.

इकडे आमचे पुरुष दारात ऊन खातात, थर्मास मांडीशी ठेवतात, शेतात जातात. भावोजींचं वजन वाढलंय. परवा सनाच्या शाळेतून हिजामला निरोप आला की जागा अजून आहे, ये. मी वर गेले. तो खिडकीत तसाच पडलेला, गालाला बंदुकीचा घट्टा पडलाय. मी म्हटलं, बाळा, दार उघडं आहे, वाट उघडी आहे, तुझ्यावर कुणाची नजर नाही, आता तरी ऊठ.

त्याने डोळा काढला नाही. म्हणाला, "कसा उठू, आई? मी उठलो तर मामा बाहेर येईल."